रिकाम्या खोलीचा नमुना

शनिवारी सकाळी सूनबाई बाजारातून परतली तेव्हा तिच्या पिशवीत किलोभर टोमॅटो, आईच्या गोळ्या आणि साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा एक खोका होता. त्या खोक्यात संगणक होता. हो, अख्खा संगणक. एक हिरवी पट्टी, तिच्यावर चार काळ्या चिपा, कडेला तारा खोचायला भोकं, संपलं. पंखा नाही की पेटी नाही. तिच्या नवऱ्याने तो तळहातावर घेऊन उलटापालटा केला.

"बाबांचं मशीन भंगारात घालून हे आणलंस?"

"ते मशीन गिरणीसारखं घरघरायचं."

"चाळीस वर्षं काम केलंय त्यांनी त्या खोलीत."

"त्यांनी केलं. मशीनने नऊच वर्षं केलं," असं म्हणून ती टोमॅटो धुवायला लागली.

तिला सगळे सूनबाईच म्हणायचे, आणि त्याला कारण तिचे सासरे. ते रेकॉर्डिस्ट. घरामागच्या जुन्या गॅरेजला त्यांनी जाड दार बसवलं, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि जाहिराती, भाषणं, निवेदनं असलं सगळं तिथे रेकॉर्ड केलं. सून या कामात त्यांच्याइतकीच तयार झाली, हे त्यांच्या डोळ्यांत सलायचं. गिऱ्हाइकांसमोर 'आमच्या सूनबाई' म्हणायचे ते अशा सुरात, की समोरच्याला वाटावं ही फक्त केबली गुंडाळायला ठेवलेली आहे. सव्वा वर्षापूर्वी ते गेले. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत हे मलाही कळतं. पण हा माणूस गेला त्या आठवड्यात सूनबाईने त्या खोलीत पहिल्यांदा पाय पसरून चहा प्यायला, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता घाई होती ती आईसाठी. सूनबाईच्या आईच्या घशात गाठ निघाली होती आणि येत्या गुरुवारी डॉक्टर तिची स्वरपेटी काढून टाकणार होते. त्यानंतर आई जगणार होती, जेवणार होती, हिंडणार-फिरणार होती. बोलणार तेवढी नव्हती. आणि ही आई कोण, तर बसस्थानकाच्या भोंग्यावरून तीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगणारी बाई. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीवालीने तीनशे वाक्यांची यादी दिली होती. ती वाक्यं आईच्या आवाजात रेकॉर्ड करून आणायची, म्हणजे त्यांवरून पाटीसारखा एक छोटा संगणक, टॅबलेट, पुढे आईच्याच आवाजात बोलेल, यादीत नसलेलंही बोलेल. अट एकच, मागे कसलाही आवाज नको. गुरुवारनंतर दुसरी संधी नव्हती.

म्हणून तो बिनपंख्याचा संगणक. त्या खोलीत काचेची आडभिंत नव्हती. मशीन आणि माइक शेजारी शेजारी, त्यामुळे पंख्याची घरघर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये यायची. सूनबाईने नखाएवढ्या मेमरी कार्डावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली, कार्ड बोर्डात खोचलं, साउंड कार्ड आणि माइक जोडला, दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. बोर्डावरचा लाल दिवा लागला. आवाज मात्र कसलाच नाही. इतकी वर्षं त्या खोलीत काढून तिने तिथली शांतता कधी ऐकलीच नव्हती. पंख्याच्या आड इतके दिवस काय काय झाकलेलं असेल, असं तिच्या मनात आलं. मग ती स्वतःवरच चिडली आणि कामाला लागली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आवाज स्वच्छ करायचा तर मशीनला आधी रिकामी खोली ऐकवावी लागते. सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं आणि अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. हा झाला नमुना. त्यावरून मशीन शिकतं, की या खोलीत अमुक अमुक कायमच असतं, ते बोलणं नव्हे. मग प्रत्येक रेकॉर्डिंगमधून तेवढंच वजा करतं. आणि जाणती माणसं वजा झालेला कचरासुद्धा वेगळा काढून ऐकतात. बोलणाऱ्याचा आवाज चुकून त्यात गेलेला नाही ना, याची खात्री करायला.

सूनबाईने नमुना घेतला. स्वतः बाहेर ओट्यावर उभी राहिली, परत आत आली, हेडफोन चढवले आणि कचरा ऐकला. आधी बारीक सूं असा आवाज होता. मग कोणीतरी घसा खाकरला.

तिने ते तीनदा ऐकलं. सासरे कोणाला झापायच्या आधी असेच खाकरायचे, एकदा हलकं आणि एकदा दमदार. पाण्याचा पाइप असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. त्या भिंतीतून पाइप जात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने तोच नमुना ठेवला. जे काय आहे ते मशीन वजा करतंय ना, मग आपल्याला काय करायचंय, असा तिने विचार केला. मी असतो तर दार ओढून घेतलं असतं आणि परत त्या बाजूला फिरकलो नसतो.

सोमवारी अकरा वाजता आई आली. गळ्याला मफलर, हातात यादी, आणि तिच्यावर लाल पेनने खुणा. दारातच ती थबकली.

"तुझ्या सासऱ्यांचा बाम लावलास का?"

"मी कशाला लावू?"

"वास येतोय."

"गाद्यांत मुरलाय तो. तू बस बघू."

आईचं आणि सासऱ्यांचं कधी पटलं नाही. लग्नानंतर एकदा हौसेने त्यांनी विहीणबाईंना माइकसमोर बसवलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "असल्या आवाजाने माझा माइक फाटायचा." आई म्हणाली, "मग जरा बरा माइक घ्या." गिऱ्हाइकं हसली. तेव्हापासून सासऱ्यांनी तिला पाण्यात पाहिलं ते शेवटपर्यंत.

"वाक्य पहिलं," सूनबाई म्हणाली.

"मी ठीक आहे," आईने वाचलं.

"आई, गाडी सुटत नाहीये. घरात बोलतेस तसं बोल."

"घरात तरी मी कधी हळू बोलले? बरं. मी ठीक आहे… आता?"

"आता छान."

गंमत बघा, आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण होता तिचाच. 'दार लाव' म्हणताना तोच जुना दरारा, 'माझी मुलगी कुठे आहे' म्हणताना तीच काळजी. सूनबाईला दोनदा डोळे पुसावे लागले. एक त्रास मात्र होत होता. अशा छोट्या बोर्डाला काम झेपेनासं झालं की रेकॉर्डिंगमध्ये टिक्‌ असा बारीक खंड पडतो. तो पडायचाच झाला तर आई बोलत असताना पडायला हवा. पण आई बोलताना सगळं सुरळीत असायचं. वाक्य संपलं, आई थांबली, की टिक्‌. प्रत्येक वाक्यानंतरच्या मोकळ्या जागेत मशीनला जास्त काम पडत होतं. बोर्डावर आणखी काय काय चालू आहे त्याची यादी तिने उघडून पाहिली. तिच्या कामाखेरीज काहीच चालू नव्हतं.

मंगळवारी आई अर्ध्यातून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. सूनबाई पडद्याकडे बघत बसली होती, आणि आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी हलायला लागली. माइकसमोर रिकामी खुर्ची होती. पट्टी वर जायची, खाली यायची, जरा थांबायची, परत वर. माणूस बोलताना हलते अगदी तशी. हेडफोनमध्ये मात्र चिडीचूप. कारण हेडफोनमध्ये जे येत होतं ते वजाबाकी झाल्यानंतरचं होतं; पट्टीवर आणि कार्डावर मात्र कच्चा आवाजच जात होता. वजाबाकी बंद करायचं बटण तिच्या करंगळीपासून वीतभर लांब होतं. ती ते दाबेना.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "फक्त उद्याचा दिवस. माझ्या आईचं एवढं होऊ द्या. मग ही खोली तुमची. मी पाऊलसुद्धा ठेवणार नाही…"

पट्टी खाली आली आणि स्थिर झाली. ऐकून घेत असल्यासारखी. मग एकदम लाल रेघेपर्यंत चढली आणि तिथेच राहिली. दहा सेकंद, पंधरा सेकंद. कोणीतरी तिच्या तोंडाशी येऊन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तिने हेडफोन उपसून टेबलावर टाकले.

"कुणाशी बोलत होतीस?" आई दारात उभी होती.

"मशीनशी."

"मशीनला मामंजी म्हणतेस?" आई हसली, आणि मग हसायची थांबली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि मफलर नीट केला. "इथे बसलं ना, की कोणीतरी ऊठ ऊठ म्हणून मागे लागल्यासारखं वाटतं मला. जाऊ दे. साठ राहिलीत आजची. ऑपरेशन माझं आहे, घाबरायचं तर मी घाबरीन. तू बटण दाब."

बुधवारी शेवटची शंभर वाक्यं होती. आईचा आवाज ओढल्यासारखा निघत होता. दोन वाजता एकदा दिवे गेले आणि आले. छोट्या बोर्डाला अचानक वीज गेलेली सोसत नाही. तपासलं तर वाक्यं शाबूत होती, पण नमुन्याची फाइल कोरी झालेली. आई वाचत राहिली, आणि सूनबाईने कालपासून हेडफोन पुन्हा कानांवर चढवलेच नव्हते. तीन वाजून दहा मिनिटांनी तिने तीनशेवं वाक्य वाचलं, यादी मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. चार वाजता तिला हॉस्पिटलात दाखल करायचं होतं, त्यानंतर सूनबाईला तिथून हलता येणार नव्हतं, आणि थेरपीवालीला फाइली शुक्रवारीच हव्या होत्या. बाहेर नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.

"आई, दोन मिनिटं बाहेर चल. रिकाम्या खोलीचा नमुना घ्यायचाय परत."

"उठवत नाही गं आता… घे तसाच. मी हूं की चूं करणार नाही."

सूनबाईला नियम ठाऊक होता. चौदा वर्षं ती हेच काम करत होती. एखाद्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर तिने त्याचा कान धरला असता. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हॉर्न थांबत नव्हता. तिने स्वतःचा श्वास रोखला आणि नमुना घेतला. अर्धा मिनिट. त्यात खुर्चीत बसलेली आई होती आणि गाठीतून वाट काढणारा तिचा शीळ घातल्यासारखा श्वास होता; या वेळी खाकरणं मात्र कुठेच नव्हतं.

मग तिने एकच हुकूम लिहिला. तीनशेच्या तीनशे वाक्यांतून हा नमुना वजा कर आणि जुन्यावरच लिही. जुन्यावरच का, तर कार्ड भरत आलं होतं. कचरा वेगळा ठेव असं तिने सांगितलं नाही. बोर्ड छोटा, त्याला तासभर लागणार होता. हुकूम सोडून, आईला कमरेला धरून तिने बाहेर आणलं, दार लावलं आणि दोघी गाडीत बसल्या. या खोलीत जे कायमचं असतं आणि जे बोलणं नव्हे ते हे, असं मशीनला सांगून झालं होतं, आणि सांगताना समोर आई होती.

गुरुवारी ऑपरेशन नीट पार पडलं. शुक्रवारी दुपारी सूनबाई खोलीत गेली. थेरपीवालीला फाइली द्यायच्या होत्या, त्याआधी एकदा कान घालावा म्हणून पहिली फाइल लावली. चार सेकंदांची फाइल. त्यातले अडीच सेकंद काही नाही. साधी सूंसुद्धा नाही. मग अगदी जवळून, स्वच्छ, खणखणीत:

"नाहीस."

तिने नंबर पाहिला. पहिलं वाक्य, 'मी ठीक आहे.'

दुसरी फाइल. 'मला पाणी हवंय.' आईच्या जागी शांतता, आणि मग, "मिळणार नाही."

'दार लाव.' शांतता. "लावलंय."

'मला घरी जायचंय.' शांतता. "कुठल्या?"

'माझी मुलगी कुठे आहे?' या वाक्यानंतर तो घसा खाकरला, एकदा हलकं, एकदा दमदार. "माझ्या खुर्चीत."

अकरा वर्षं आई त्या घरी यायची तेव्हा सासरे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि तिच्या प्रत्येक वाक्याला पुटपुटत उत्तर द्यायचे. आईला भोंग्यामुळे थोडं कमी ऐकू यायचं, तिला ते कधीच कळलं नाही. सूनबाईला सगळं ऐकू यायचं. तीन दिवस, तीनशे वाक्यं, तोच माणूस प्रत्येक वाक्यानंतरच्या मोकळ्या जागेत उत्तर देत बसला होता. मशीन त्याला काढून टाकत होतं. शेवटच्या दिवशी तिने मशीनला आईला काढायला सांगितलं, आणि तो राहिला.

तिने सगळ्या फाइली ऐकल्या. कुठेतरी एखादा शब्द राहिला असेल, 'ळ' राहिला असेल, हसणं राहिलं असेल. आई कुठेच नव्हती. एवढा तीस वर्षांचा आवाज, आणि तो आपल्या हाताने पुसला, या विचाराने ती टेबलावर डोकं टेकून रडली. नवरा बघायला आला. तिने हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. तो ऐकत राहिला. एक फाइल, दुसरी, पाचवी. त्याचे डोळे भरून आले.

"बाबांचा आवाज किती स्वच्छ आलाय…" तो म्हणाला.

तिने पक्कड आणली आणि त्याच्यासमोर ते कार्ड चिमटून त्याचे दोन तुकडे केले. तो तिचा हात धरायला आला तेव्हा तिने पक्कड तशीच उगारली. तो मागे सरकला. त्या दिवशी त्या घरात कोणी जेवलं नाही.

शनिवारी दुपारी ती हॉस्पिटलात गेली. बायकांचा वॉर्ड, सहा खाटा, खिडकीतून लख्ख ऊन. आई उशीला टेकून बसली होती. गळ्याला पट्टी, पट्टीखालच्या भोकातून श्वास, मांडीवर पाटी. सूनबाईने मनाशी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून एकदम सांगून टाकलं.

"आई, वाक्यं गेली. मशीनने नाही, मीच घालवली. तुझा आवाज माझ्या हातून गेला."

आईने मांडीवरची पाटी सरळ केली. मग पाटीवर लिहिलं, 'रडू नकोस. तीस वर्षं सगळ्यांना पुरून उरेल एवढं बोलले.' सूनबाईला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर आणखी रडू आलं. आईने पाटी पुसली आणि परत लिहिलं, जरा सावकाश.

'एक विचारायचंय. भूल उतरल्यापासून कोणी पुरुष बोलतोय. थांबतच नाही.'

"बाहेर पॅसेजमध्ये असेल कोणी. वॉर्डबॉय असतील."

आईने नाही म्हणून मान हलवली. तिने सूनबाईचं बोट धरलं आणि आपल्या गळ्यावर, पट्टीच्या कडेला टेकवलं.

बोटाखाली थरथर होती. श्वासाची नव्हे, श्वास संथ चालला होता. ही थरथर सुरू व्हायची, थांबायची, परत सुरू व्हायची, मध्येच जोर धरायची. आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. ज्याने गळा थरथरतो ते तर काढलं होतं. बाटलीत घालून तपासणीला पाठवलं होतं, आणि त्याची पावती सूनबाईच्याच पर्समध्ये होती.

तिने नर्सला बोलावलं, नर्सने डॉक्टरांना. तरुण डॉक्टर होते, घाईत होते. "सूज असते, ताई. आठ-दहा दिवस असं काहीबाही जाणवतं," असं म्हणत त्यांनी स्टेथोस्कोप कानांत घातला आणि दुसरं टोक आईच्या गळ्याला लावलं. नर्स कागदावर लिहायला पेन उघडून उभी राहिली.

ते ऐकत राहिले. एवढा वेळ लागत नाही कधी. टोक त्यांनी जरा खाली सरकवलं, परत वर आणलं. एकदा 'हो' म्हणावं तशी त्यांची मान हलली. आई छताकडे बघत होती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानांतून सावकाश काढला, हातातच धरून ठेवला आणि सूनबाईकडे न बघता, दबक्या आवाजात विचारलं,

"हे… हे पेशंटचे कोण लागतात?"